जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसविताना
(शिरूर-दौंड भागातील ट्रॅक्टरधारकांपुढे केलेले भाषण)



ऊस तोडणी सुरू झाली की शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांत साध्या स्टिअरिंगचे जुने ट्रॅक्टरही असतात. भीमेकाठच्या काळ्या रानात ते वळविताना चालकाचे खांदे भरून येतात. पॉवर स्टिअरिंग बसवावे का, असे आपण विचारता. जरूर बसवावे, पण पुढचा आस दुरुस्त केल्यावरच.

जॅक लावून पुढचे चाक उचला आणि वरखाली व आडवे हलवून पाहा. खडखड झाली तर किंगपिनच्या बुशा, टायरॉडचे सांधे किंवा बेअरिंग झिजलेले आहे. पॉवर स्टिअरिंगने हाताला हलके लागते, ही झीज मात्र जात नाही. उलट, हाताला जाणवणारा हिसका कमी झाल्याने ती लक्षात येत नाही आणि भरल्या ट्रॉलीखाली सांधा निसटतो. टायरमधली हवाही तपासा. कित्येकदा जड स्टिअरिंगचे कारण तेवढेच असते!

किट आपल्याच मॉडेलचे घ्या. पंप तेलाला दाब देतो, स्टिअरिंगखालचे युनिट ते तेल सिलिंडरच्या एका बाजूला सोडते आणि सिलिंडर चाके वळवितो. काही मिस्त्री स्वतंत्र पंप न देता लिफ्टच्याच तेलावर जोडणी करतात. तेथे स्टिअरिंगला तेल आधी मिळेल असा व्हॉल्व्ह नसेल, तर नांगर उचलताना स्टिअरिंग जड होते. अशी जोडणी घेऊ नये.

तेल भरल्यावर इंजिन मंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना अनेकदा फिरवावे, म्हणजे हवा निघते. शेवटच्या टोकाला दाबून धरू नये, तेल तापते. होज पाइपची गळती बोटाने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहावी.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. परिवहन कार्यालयात व विमा कंपनीत आधी विचारून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी चालकाला समजावून सांगा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले, तर पंप थांबतो आणि स्टिअरिंग पूर्वीपेक्षाही जड होते. दुसरे, मागच्या ओझ्याने पुढची चाके उचलली गेली, तर पॉवर स्टिअरिंग काहीच करू शकत नाही. तेथे पुढचे वजन वाढवा, नाहीतर ट्रॉलीतला ऊस कमी करा.