निरगाठ नको, सुरगाठ बांधा

बचत गटाचं कर्ज काढून आपल्यातल्या कितीतरी जणींनी शेळी घेतली, कुणी म्हैस घेतली. कुणाच्या दारात माडग्याळी मेंढ्या आहेत. पोरांची फी, दवाखान्याचा खर्च याच जनावरांवर निघतो. म्हणून संकटाच्या तयारीत आधी माणसं आणि लगेच दावण धरायची.

जतला आपत्ती म्हटलं की दुष्काळ आठवतो. २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरं चारा छावणीत नेऊन बांधावी लागली होती. दुष्काळ सांगून येतो, म्हणून त्याची तयारी सुगीतच करायची. कडबा विकण्याआधी आपल्या जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा हिशेब घाला. उरेल तेवढाच विका. गंज घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचा.

वळीव मात्र सांगून येत नाही. आभाळ गडगडायला लागलं की शेरडं झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका. झाडावर पडलेली वीज खालच्या जनावरांनाही मारते. वेळेवर गोठ्यात आणा.

आपल्यातल्या काहींचं माहेर कृष्णाकाठचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं महापूर आला, तेव्हा जनावरांपायी घर सोडायला माणसांचा पाय निघत नव्हता. त्यातून एक शिकायचं: दाव्याला निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा. एका हिसक्यात सुटली पाहिजे. गोठ्याला आग लागली तरी हीच गाठ जीव वाचवते. सोडायला वेळच नसेल तर दावं कापायला विळा दाराशी अडकवलेला असू द्या. कोंबड्यांसाठी डालगं आणि कुत्र्यासाठी साखळीही हाताशी ठेवा.

आता कागदाचं काम. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. तो वहीत लिहा. जनावराशेजारी उभं राहून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावलं, तर २०२२ पासूनच्या सरकारी निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मदत आहे. त्यासाठी पंचनामा लागतो. म्हणून तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवल्याशिवाय जनावर पुरू नका.

पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या. जनावर आजारी पडलं तर १९६२ हा नंबर फिरवा. तो फुकट आहे.

येत्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की अजून दहा मिनिटं बसा. कुणाकडं किती जनावरं आहेत, बिल्ला कुणाच्या नाही, लस कुणाची राहिली, हे गटाच्या वहीत लिहून घ्या. एखादी गावाला गेली असेल तर तिची दावण कोण सोडणार, तेही ठरवा. संकट आल्यावर शेजारीण धावतेच, पण कुणाच्या गोठ्याकडं धावायचं हे तिला आधी माहीत असलं पाहिजे.