उपचारांची निवड आणि आपली भाषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मरोदा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने होणारे भाषण साहित्य, नाट्य अथवा इतिहास यांवर असावे, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. आम्ही मात्र आज दवाखान्यातील भाषेविषयी बोलणार आहोत. वैद्यकाचा आमचा काडीइतकाही अधिकार नाही. आम्ही बी.ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि आयुष्याची उमेदीची वर्षे फायलींत घालविली. त्या फायलींनी आम्हांस एक गोष्ट मात्र पक्की शिकविली. ज्या कागदावर सही करावयाची तो कागद आधी समजून घ्यावा. कचेरीत शंभर रुपयांच्या बिलावरही आपण वाचल्यावाचून सही करीत नाही. आणि तेच आपण रुग्णालयात, आपल्या किंवा आपल्या माणसाच्या शरीरावर शस्त्र चालविण्याची अनुमती देणाऱ्या इंग्रजी कागदावर, परिचारिकेने बोट दाखविले तेथे मुकाट्याने नाव लिहितो. हे असे का व्हावे, याचा विचार करावा म्हणून हा विषय निवडला.

आपण ज्या नगरीत राहतो तिचा जन्मच मुळी दुभाष्यांच्या साहाय्याने झाला. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत व सोव्हिएत संघ यांच्यातील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. मधल्या काळात रशियन तंत्रज्ञ आपल्या भाषेत सांगत आणि मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी व छत्तीसगढी कामगार ते दुभाष्यांमार्फत समजून घेत. वितळलेल्या लोखंडाशी गाठ होती. एक शब्द चुकीचा कळला असता तर माणसे प्राणास मुकली असती. म्हणून तेथे दुभाषा ही चैन मानली गेली नाही, ती कामाचीच एक गरज मानली गेली. रुग्णशय्येजवळही गाठ प्राणांशीच असते. तेथे मात्र दुभाष्याचे काम आपण नवव्या इयत्तेतील नातवावर सोपवितो.

या अडचणीची पहिली पायरी म्हणजे आपले दुखणे सांगणे. मराठीत दुखण्याचे शब्द विपुल आहेत. दाढेत ठणका लागतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, मांडीतून चमक जाते, पायांस मुंग्या येतात, अंगात कणकण असते, घेरी येते, भोवळ येते. यांतील प्रत्येक शब्द निराळा आहे आणि चांगला डॉक्टर त्यातून निराळे निदान करील. परंतु परप्रांतात आपण हे सारे ‘दर्द’ किंवा ‘पेन’ या एकाच शब्दात कोंबतो. त्याहून घात करतात ते दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द. आपली ‘कळ’ हिंदी कानांस ‘कल’ अशी ऐकू येते. आपली ‘मान’ आखडली तर त्यांच्या लेखी तो मानापमानाचा प्रश्न होतो. आपली ‘पाठ’ म्हणजे त्यांचा धडा. आपणांस दम लागतो तेव्हा धाप लागलेली असते, त्यांचे दम लगाना म्हणजे जोर लावणे. आणि ‘जुलाब’ हा शब्द तर सर्वांत धोक्याचा, कारण मराठीत तो रोग आहे आणि हिंदीत तो पोट साफ करणारे औषध आहे. येथील ग्रामीण भगिनी ‘मूड़ पिराथे’ म्हणतात, तेव्हा त्यांचीही नव्या डॉक्टरपुढे हीच गत होत असेल.

दुसरी पायरी डॉक्टरांचे बोलणे समजण्याची. उपचारांचे पर्याय सांगताना काही इंग्रजी शब्द वारंवार येतात. ते आपल्या ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच फसवितात. ‘कन्झर्वेटिव्ह ट्रीटमेंट’ म्हणजे जुनाट पद्धतीचा इलाज नव्हे. शस्त्रक्रिया न करता औषधे, विश्रांती व देखरेख यांवर भर देणे, असा तिचा अर्थ. ‘इलेक्टिव्ह’ शस्त्रक्रिया म्हणजे केली काय, न केली काय, अशी नव्हे. ती तातडीची नसून दिवस ठरवून करता येते, एवढेच त्यातून कळते. ‘क्रॉनिक’ म्हणजे भयंकर नव्हे, तर दीर्घकाळ चालणारे. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अकस्मात उद्भवलेले. रोगी ‘स्टेबल’ आहे म्हणजे बरा झाला असे नव्हे. प्रकृती आहे तेथे स्थिर आहे, आणि ती गंभीर असूनही स्थिर असू शकते. ‘पॅलिएटिव्ह’ उपचार म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असे नव्हे. वेदना व त्रास कमी करून माणसास सुखाने जगू देणे, हाही एक उपचारच आहे.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने तर संसार मोडावयाची वेळ येते. छत्तीसगढ आणि आपला विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात रडारड होते. परंतु ती चाचणी वाहक आणि रोगी यांत भेद करीत नाही, त्यासाठी पुढील तपासणी लागते. वाहकास सहसा रोगाचा त्रास होत नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रोगी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि सर्वस्वी निर्दोष असण्याची चारांत एक असते. हे चार वाक्यांत मराठीत सांगता येते. ते न सांगितल्यामुळे मुलीचे लग्न मोडते, किंवा दोन वाहकांचे लग्न अजाणतेपणी होते.

आकड्यांचीही एक भाषा असते. ‘या औषधाने धोका निम्म्यावर येतो’ हे वाक्य ऐकून आपण हरखून जातो. तो धोका शंभरांत दोघांना होता आणि आता एकास राहिला, असे सांगितले तर आपण किंमत आणि त्रास यांचा हिशेब शांतपणे करू. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची माहिती काहींना ‘शंभरांत इतके जगतात’ अशी दिली आणि काहींना ‘शंभरांत इतके मरतात’ अशी दिली. आकडे तेच होते. तरी मरणाच्या भाषेत ऐकणाऱ्यांनी शस्त्रक्रिया कमी प्रमाणात पसंत केली, आणि त्यांत डॉक्टरही होते. तेव्हा डॉक्टरांस नम्रपणे विचारावे, ‘शंभर जणांपैकी किती बरे होतात आणि किती होत नाहीत?’ दोन्ही बाजू ऐकाव्यात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका घरी विदर्भातून आई मुलाकडे राहावयास आली होती. स्तनात गाठ निघाली. दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर मुलाशी इंग्रजीत बराच वेळ बोलले. आईने विचारले, ‘काय म्हणाले रे डॉक्टर?’ मुलगा म्हणाला, ‘काही नाही आई, साधी गाठ आहे, काढून टाकू.’ त्याचा हेतू मायेचाच होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढे काही दिवसांनी त्या माउलीस दुसऱ्या एका रुग्ण बाईकडून कळले की, तिच्यासारख्या काहींना स्तन राखून, नंतर किरणोपचार घेण्याचा पर्यायही दिला जातो. मुलास विचारता तो पर्याय आपल्या बाबतीतही सांगितला गेला होता, हे तिला समजले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘मी ह्यालाच हो म्हटलं असतं रे. पण मला विचारायचं तरी!’

या उद्गारात जे आहे तेच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्याच्या निकालात सांगितले आहे. तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या एका प्रौढ स्त्रीवर, तिच्या आईची संमती घेऊन, मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. जीव वाचविण्याची तातडी नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाऐवजी दुसऱ्याची संमती चालणार नाही, मग ती जन्मदात्या आईची का असेना, असा निर्णय न्यायालयाने दिला. उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याचे लाभ, इतर पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम, एवढे रुग्णास सांगितल्यावरच संमती खरी ठरते, असेही त्यात म्हटले आहे. आपण कागद पाहणारी माणसे. आपणांस यात चार सरळ प्रश्न दिसतात. फायदा काय? धोका काय? दुसरा मार्ग कोणता? आणि काहीच केले नाही तर काय होईल? हे चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावेत. उत्तरे ऐकल्यावर, ‘डॉक्टरसाहेब, मला समजले ते असे,’ म्हणून आपल्या शब्दांत परत सांगावे. चूक असेल तर तेथेच दुरुस्त होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आपली वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यापासून बहात्तर तासांत मिळाली पाहिजेत, हेही ध्यानात असावे. नागपूरला दुसरे मत घ्यावयाचे तर ती हवीतच.

यात डॉक्टरांवर रोष नाही. बाहेर रांग लागलेली असते आणि त्यांचे सारे शिक्षण इंग्रजीत झालेले असते. इंग्रजीचा द्वेष करणेही आम्हांस मान्य नाही. ‘बायोप्सी’ला बायोप्सीच म्हणावे, पण ती म्हणजे तुकडा काढून तपासणे, हे आईस तिच्या भाषेत सांगावे. मराठीस ही ताकद नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविणारा वर्ग होता आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी वैद्यकीय विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले.

शेवटी मंडळास एक विनंती. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव केला, नाटके बसविली, हळदीकुंकू केले. आता आपल्यातील ज्यांना मराठी, हिंदी व इंग्रजी तिन्ही बऱ्यापैकी येतात अशा दहा-बारा जणांची यादी करावी, तीत निम्म्या भगिनी असाव्यात. कारण नातवापुढे आजी ‘अंगावरून जाते’ हे कधीही सांगणार नाही. कोणाच्या घरी दुखणे आले, तर यादीतील एकाने सोबत जावे, डॉक्टर जे बोलतील ते काही न गाळता व काही न घालता सांगावे, रुग्ण जे बोलेल तेही तसेच पोहोचवावे, आणि ऐकलेले बाहेर कोठेही बोलू नये. निर्णय ज्याचा त्याने करावा. या कामास निधी लागत नाही, सभागृह लागत नाही. आमचे नाव त्या यादीत पहिले लिहावे. निवृत्तीस फार दिवस उरलेले नाहीत, त्यामुळे वेळेची सबबही आम्हांस राहणार नाही.