स्वभावाला औषध असते का?



गोठ्यातला एखादा बैल मारका निघाला की आपण म्हणतो, "त्याची जातच तशी." वर्गातला एखादा मुलगा ऊठसूट मारामारी करू लागला की गुरुजीही कंटाळून म्हणतात, "स्वभावाला औषध नाही." या म्हणीत तथ्य किती, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर पडताळून पाहिले आहे. त्याचीच हकीकत आज सांगतो.

आपल्या शरीरात सिरोटोनिन नावाचे एक द्रव्य असते. १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी ते रक्तातून वेगळे काढले. पुढे १९५३ साली बेटी ट्वारॉग आणि पेज यांना तेच द्रव्य मेंदूतही असल्याचे आढळले. मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोचविणारा हा जासूदच म्हणा ना! अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या द्रव्यापासून शरीर तो तयार करते.

आता उंदरांचे पाहा. १९६०च्या दशकात इटलीत, मिलान येथील मारिओ नेग्री संस्थेत, व्हाल्झेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही नर उंदीर एकेकटे पिंजऱ्यात ठेवले. दाणापाणी होते, नव्हती ती फक्त सोबत. काही आठवडे गेले. मग दुसरा उंदीर समोर सोडताच त्यांतले पुष्कळजण त्याच्यावर तुटून पडू लागले. अशा भांडखोर उंदरांच्या मेंदूत सिरोटोनिन तयार होण्याचा आणि खर्च होण्याचा वेग मंदावलेला दिसला. त्यांना कोणी औषध टोचले नव्हते बरं का! एकटेपणा तेवढा दिला होता.

माकडांवरचा एक प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. व्हर्वेट जातीच्या माकडांचे बारा कळप घेतले आणि प्रत्येकातला म्होरक्या बाजूला काढला. उरलेल्या दोन नरांपैकी एकाला औषध दिले. ज्याचे सिरोटोनिनचे कार्य वाढविले तो म्होरक्या झाला. ज्याचे घटविले त्याच्यावर दुसऱ्याने मात केली. आणि गंमत अशी, की जिंकणारा दांडगाई करून वर चढला नाही. त्याने माद्यांशी सलगी वाढविली, त्यांची साथ मिळविली. सिरोटोनिन घटलेला मात अधिक भांडखोर झाला होता.

मग सिरोटोनिन वाढविले की भांडण मिटले, असे कोणी म्हणेल. पण तितके सोपे नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लढाईत माघार घेणाऱ्या एका कवचधारी जलचराला सिरोटोनिन टोचताच तो पुन्हा नांग्या उगारून भिडला! म्हणजे द्रव्य एकच, पण कोणत्या प्राण्यात, मेंदूच्या कोणत्या भागात, कोणत्या प्रसंगी ते काम करते, त्यावर परिणाम ठरतो. एकाच द्रव्यावर सगळा दोष ढकलता येत नाही.

उंदरावरून माणसाची परीक्षा करू नये, हे खरेच. तरीही एवढे दिसते, की स्वभाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मेंदूतील रसायन वागणे बदलते, तसेच भोवतालची सोबत ते रसायनही बदलते. तेव्हा गुरुजी, भांडखोर मुलाला कोपऱ्यात एकटे बसविण्यापूर्वी मिलानच्या पिंजऱ्यातला तो एकटा उंदीर एकदा आठवून पाहावा.