चेंडूची देवघेव

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १ विरुद्ध २ गोलांनी हरला, आणि २०२७ सालच्या आशियाई चषक स्पर्धेचा दरवाजा आपल्याला बंद झाला. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल करून आपल्याला आघाडी मिळवून दिली होती. मध्यंतर जवळ आले असता सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी साधली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. उरलेल्या अर्ध्या तासात आपल्याला त्याचे उत्तर देता आले नाही. पुढे १८ नोव्हेंबर रोजी ढाक्याला बांगलादेशानेही आपल्याला एका गोलाने हरविले. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ व्या स्थानी असलेला हा संघ जुलै २०२५ मध्ये १३३ व्या स्थानी उतरला होता.

अशा पराभवांनंतर कारणे पुष्कळ सांगितली जातात. आपली मुले अंगाने लहान, सुनील छेत्रीनंतर गोल करणारा कोणी नाही, पंच अनुकूल नव्हते, इत्यादी. या कारणांत थोडेफार तथ्य असेलही. परंतु सिंगापूर व बांगलादेश येथील खेळाडूही काही भीमकाय नव्हेत. आज मला एकाच गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, आणि ती म्हणजे चेंडूची देवघेव, ज्याला आपण सारे 'पास' म्हणतो. आपल्या संघाचे हे अंग कच्चे आहे, हे प्रेक्षकांतला शाळकरी मुलगाही सांगेल. ते कच्चे का राहिले, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

पास चुकला की आपण देणाऱ्याला दोष देतो. येथेच आपली पहिली गफलत होते. एक साधा हिशेब करून पाहू. सामना ९० मिनिटांचा, मैदानावर खेळाडू २२. चेंडू क्षणभरही बाहेर गेला नाही असे धरले, तरी एकेका खेळाडूच्या वाट्याला तो चारच मिनिटे येतो. उरलेली ८६ मिनिटे त्याच्याजवळ चेंडू नसतो. त्या वेळात तो काय करतो, यावर संघाचा खेळ अवलंबून असतो. बचावफळीतल्या खेळाडूजवळ चेंडू आला असता एका सहकाऱ्याने जवळ यावे, दुसऱ्याने तिरप्या अंगाने मोकळी जागा गाठावी, तिसऱ्याने दूर धावून प्रतिस्पर्ध्याला मागे खेचावे. असा त्रिकोण उभा राहिला, तर सामान्य खेळाडूलाही पास देता येतो. सारे सहकारी प्रतिस्पर्ध्यांच्या आड उभे राहिले, तर त्या बिचाऱ्याला दोनच वाटा उरतात. एक तर चेंडू गोलरक्षकाकडे परत करावयाचा, नाही तर आकाशात भिरकावून द्यावयाचा. प्रेक्षक म्हणतो, "काय हा पास!" वस्तुतः चूक त्या तिघांची असते. टाळी एका हाताने वाजत नाही, हे फुटबॉलइतके दुसऱ्या कोणत्याही खेळात खरे नाही.

घेणाऱ्याची दुसरी जबाबदारी नजरेची. चेंडू येण्यापूर्वीच त्याने मान वळवून मागे कोण आहे हे पाहिलेले असावे, आणि अंग असे तिरपे ठेवावे की चेंडू पायाशी येताच पुढे निघता यावे. पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूला कितीही सुरेख पास दिला, तरी तो परत मागेच येणार. देणाऱ्यानेही चेंडूला किती वेग द्यावा आणि सहकाऱ्याच्या कोणत्या पायाकडे तो द्यावा, याचा विवेक बाळगला पाहिजे. प्रतिस्पर्ध्यापासून दूर असलेल्या पायाकडे चेंडू दिला, तर घेणाऱ्याला वळावयास क्षणभर अवधी मिळतो. त्या क्षणावर पुढची सारी चाल अवलंबून असते.

हे ज्ञान आपल्याला परके आहे, असे कोणी समजू नये. हैदराबादच्या श्रोत्यांना सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव सांगावयास नको. रहीमसाहेब पेशाने शिक्षक. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. तरुण खेळाडूंसाठी ते अशा स्पर्धा भरवीत की ज्यांत चेंडू पायाशी खेळवीत पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू आला की तो दिलाच पाहिजे. काही स्पर्धांत तर ज्याचा जो पाय कमजोर, त्यानेच खेळावयाचे असा नियम असे. खेळाचा खेळ आणि शिक्षणाचे शिक्षण! १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून १ विरुद्ध १० असा दारुण पराभव पत्करणाऱ्या भारताने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. तेथे ऑस्ट्रेलियाला ४ विरुद्ध २ असे हरविताना मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरविले होते. अंतिम सामन्यात त्याच संघाला २ विरुद्ध १ असे नमवून आपण सुवर्णपदक आणले. त्या संघाच्या मधल्या फळीत गोव्याचाच फोर्तुनातो फ्रांको होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने निवर्तले.

त्यानंतर काय झाले? अलीकडचीच वीस वर्षे पाहू. २००६ पासून बॉब हॉटन यांनी लांब पल्ल्याच्या, उंच चेंडूंचा खेळ शिकविला. २०१२ साली आलेल्या विम कोव्हरमान्स यांना छोट्या पासांचा खेळ हवा होता. २०१५ पासून स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी पुन्हा झटपट, सरळ चढाईचा मार्ग धरला. २०१९ पासून इगोर स्टिमाच यांनी चेंडू आपल्याकडे राखण्याचा आग्रह धरला. शाळेत दर चार वर्षांनी नवे शिक्षक येऊन गणिताची रीतच बदलू लागले, तर मुलांना बेरीजही धड येणार नाही.

यातली कोणतीही एक पद्धत मुळात वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात सरळ चढाईच्या खेळानेच आपण थायलंडला ४ विरुद्ध १ असे हरविले. उलट जानेवारी २०२४ मध्ये त्याच स्पर्धेत तीन सामन्यांत सहा गोल स्वीकारून आपण एकही गोल करू शकलो नाही. लांब टोलविलेला चेंडू हाही पासच असतो. त्यालाही घेणारा लागतो, आणि घेणाऱ्याच्या आसपास दोघे धावून आलेले लागतात. नुसती पासांची संख्या वाढविणे, हेही काही खेळाचे ध्येय नव्हे. आपापसांत चेंडू फिरवीत राहिल्याने गोल होत नाही. पद्धत कोणतीही असो, ती हाडीमांसी खिळावयास वर्षे लागतात.

याचे उदाहरण गोव्यातच आहे. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो संघाने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या संघाची देवघेव पाहण्यासारखी असे. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी वर्षानुवर्षे एकत्र खेळत होती. कोण कोठे धावणार, हे एकमेकांना न पाहता कळत असे. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०२५ साली तर इंडियन सुपर लीगचा हंगाम व्यापारी हक्कांच्या करारावरून अडून बसला, आणि तो ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. ज्यांना खेळावयास सामनेच नाहीत, त्यांच्यात समजूत कोठून यावी?

तथापि लीग आणि करार आपल्या हाती नाहीत. शाळेचे मैदान मात्र आपल्या हाती आहे. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ साली शिवोलीस आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी, असे मानले जाते. म्हणजे येथे हा खेळ आला तोच धर्मगुरूंच्या आणि शाळांच्या हाताला धरून. आजही आमची मुले चर्चसमोरच्या पटांगणात नाही तर कापणीनंतरच्या शेतात खेळतात. 'नाचता येईना अंगण वाकडे' असे आपण म्हणतो. परंतु येथे अंगण खरोखरच वाकडे असते! ढेकळांवरून चेंडू कसाही उसळतो, म्हणून मुलगा तो जमिनीवरून देण्याऐवजी उंच मारावयास शिकतो. त्यात चौघांना चकवून पुढे गेलेल्या मुलाला टाळ्या मिळतात, आणि सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करून देणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. मुले तेच शिकतात, ज्याचे आपण कौतुक करतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि पालकांना माझी विनंती आहे. दहा पावलांचा एक चौकोन सपाट करून घ्यावा आणि त्याच्या कोपऱ्यांवर चार दगड ठेवावे. चार मुले कडेला, दोन आत. बाहेरच्यांनी चेंडू फिरवावा, आतल्यांनी अडवावा. प्रथम तीनदा पाय लावण्याची मुभा द्यावी, मग दोनदा, मग एकदाच. कधी फक्त डाव्या पायाने खेळवावे. अकरा-अकरांच्या सामन्याऐवजी पाच-पाचांचे सामने लावावेत, म्हणजे प्रत्येकाला चेंडू अधिक वेळा मिळतो आणि कोणाला दडून बसता येत नाही. याला वीस मिनिटे लागतात, खर्च काहीच नाही. आणि सामना संपल्यावर गोल करणाऱ्याची पाठ थोपटाल, तेव्हा त्याला चेंडू मिळावा म्हणून दुसरीकडे धावत गेलेल्या मुलाचेही नाव घ्यावे.

आणि श्रोतेहो, आपण पुढचा सामना पाहावयास जाल, तेव्हा एवढे करून पाहा. पाच मिनिटे चेंडूवरची नजर काढून आपल्या संघातल्या बाकीच्या दहाजणांकडे पाहा. कोण धावतो, कोण उभा राहतो, कोण मान वळवून मागे बघतो, हे ध्यानात घ्या. पास कोठे चुकतो, ते आपल्याला तेथेच दिसेल.