वृक्षांची निरोपव्यवस्था
(व्याख्यानाचा संपादित पाठ)



वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडव्यापारी असलेल्या माणसाने वृक्षांच्या जनुकांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचा धागा कपाशीपासूनच निघतो. १९६३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीच्या बोंडगळीचा अभ्यास करीत होते. कोवळ्या बोंडांतून त्यांनी गळती घडविणारे एक द्रव्य वेगळे केले. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग हे सायकॅमोर वृक्षाच्या पानांत, कळ्यांना सुप्तावस्थेत नेणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते. १९६५ मध्ये असे सिद्ध झाले की, ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत. त्याला पुढे ‘ॲब्सिसिक आम्ल’ हे नाव मिळाले. गळतीवरून पडलेले हे नाव काहीसे फसवेच. कारण पानगळीत मोठा वाटा इथिलीन वायूचा असतो. या आम्लाचे एक मुख्य कार्य म्हणजे, पाणी कमी पडल्याचा निरोप पेशीपेशींपर्यंत पोहोचविणे.

दुष्काळात माणूस गाव सोडतो, पक्षी रान बदलतो. वृक्षाला ती सोय नाही. तेव्हा तो प्रथम खर्च थांबवितो. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. ती रंध्रे मिटली की खर्च आटोक्यात येतो. मिटण्याची आज्ञा कशी सुटते, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. आज्ञा देणारे प्रथिन पेशीत आधीपासूनच असते. मात्र दुसरे एक प्रथिन त्याला अडवून धरते. मुनीम सहीसाठी लेखणी उचलून बसला आहे आणि कोणी त्याचा हात धरला आहे, असे समजा. माती कोरडी पडू लागली की झाडातील ॲब्सिसिक आम्ल वाढते. एक ग्राही प्रथिन त्याला पकडते आणि त्या अडविणाऱ्यालाच अडविते. मुनीमाचा हात मोकळा होतो. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जाते, पेशी सैल पडून रंध्र मिटते. हे काही मिनिटांत घडते. तोच निरोप पेशीकेंद्रकातही जातो व तेथे पेशींचे रक्षण करणारी जनुके जागी करतो.

हे ग्राही प्रथिन २००९ साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. तेही मोहरीच्या कुळातील एका चिमुकल्या रोपात. वृक्षांतही याच कुळांतील जनुके आहेत. ज्याचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला तो वृक्ष पॉपलर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वाचनात सुमारे ४५,००० जनुके मोजली गेली. मनुष्याची याच्या निम्मीही नाहीत.

वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या समाजासमोर मी बोलत आहे. तथापि, ‘हे सारे आपल्या शास्त्रांत आधीच होते’ असा सूर लावणे मला रुचत नाही. दर्शनाचे प्रयोजन निराळे, प्रयोगशाळेचे निराळे.

परंतु खर्च थांबविला म्हणजे उत्पन्न सुरू राहते असे नाही. त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दारे बंद म्हणजे अन्ननिर्मितीही मंदावली. झाड साठविलेल्या पिष्टावर दिवस काढते. आपला साग पाने टाकून हा काळ निभावतो. मात्र कोरड वाढतच गेली, तर खोडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. मग निरोप कितीही अचूक असला तरी पाणी वर चढत नाही.

शहरातील कित्येक झाडांवर हा प्रसंग पाऊस भरपूर पडूनही येतो. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले असते, आणि पाणी गटारात वाहून जाते. पाने कोमेजलेली आपल्याला दिसतात, त्याच्या कितीतरी आधी हे निरोप आत सुरू झालेले असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. माझ्या मते एक मीटर हे किमान माप आहे. मोठ्या झाडाची मुळे त्याहून पुष्कळ दूर पसरतात. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या प्रांगणात नवी फरशी बसणार आहे. काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदारास प्रत्येक झाडाभोवती निदान एवढी माती उघडी ठेवण्याची लेखी अट घालावी, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे.