चार आण्यांचा जोर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘एमएमए प्रशिक्षक’ असं छापलंय. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलं, ही एम.ए.च्या पुढची पदवी आहे का म्हणून. आमच्या गणिताच्या बाईंनी तर अभिनंदनसुद्धा केलं. बाई, ते अभिनंदन मी परत देणार नाही, पण खुलासा करतो. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, किकबॉक्सिंगच्या लाथा, कुस्तीचे पट आणि जुजुत्सूच्या पकडी, हे सगळं एकाच लढतीत. दिवसा मी जळगावात ठिबक सिंचनाचं साहित्य विकतो आणि संध्याकाळी एका भाड्याच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस मुलामुलींना हे शिकवतो. मे महिन्यात तो हॉल तापतो, म्हणून तेव्हा पहाटे साडेपाचला. ही सगळी हौशी मंडळी आहेत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी फार्मसीला आहे, एक जण केळीच्या गाडीवर असतो. हौशी लढतीत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, कोपराचे वार चालत नाहीत आणि नडगीला पॅड बांधतात. टीव्हीवर तुम्ही जे रक्त बघता ते व्यावसायिकांचं.

आज मला या खेळाबद्दल कमी आणि त्यातल्या एका गोष्टीबद्दल जास्त बोलायचंय. शिकणाऱ्याला त्याची चूक कशी सांगायची? समोर इतके शिक्षक बसलेले असताना हा विषय काढणं म्हणजे आगाऊपणा आहे. पण तुमच्या लाल शाईच्या शेऱ्यानं फार तर वहीला त्रास व्हायचा. आमच्याकडे शेरा चुकला किंवा उशिरा मिळाला तर डोक्याला मार बसतो. म्हणून आम्हाला त्याचा विचार जरा जास्त करावा लागतो.

आधी आपल्या मातीतलं सांगतो. खानदेशात कुस्ती काही नवी नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीनं 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा जळगाव-धुळ्याच्या तालमींत पोरांची गर्दी वाढली. ती पोरं आता माझ्याकडेही येतात. अंगात ताकद असते, पट काढायला शिकवावं लागत नाही. अडचण वेगळीच असते. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, चीतपट. त्यामुळे खाली पडताना पहिलवान जीव खाऊन पालथा होतो. ते त्याच्या रक्तात असतं, आणि मातीत ते बरोबरच आहे. एमएमएत मात्र पाठ टेकल्यानं काहीच संपत नाही. उलट तुम्ही पालथे झालात की समोरचा पाठीवर बसतो, हनुवटीखालून हात घालतो आणि मागून गळा आवळतो. मातीवरचा गुण मॅटवर दोष ठरतो.

मानेचंही तसंच. पट काढताना डोकं खाली गेलं की समोरचा मान काखेत धरतो. त्या पकडीला गिलोटिन म्हणतात. भारतातून यूएफसीत लढायला गेलेला पहिला खेळाडू, मुंबईचा भरत कंदारे, हासुद्धा कुस्तीतून आलेला. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला त्याची पहिली लढत झाली आणि चीनच्या साँग याडाँगनं पहिल्याच फेरीत याच गिलोटिननं ती जिंकली.

हे नवं नाही. 1948 साली खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीतला हा मल्ल गादीच्या कुस्तीला आणि तिच्या नियमांना सरावलेला नव्हता. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं, आणि ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बॅंटमवेट गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले, हे इथे शिक्षकांसमोर सांगितलंच पाहिजे. माझा मुद्दा गार्डनरचा आहे. ताकद कराडजवळच्या गोळेश्वरचीच होती. बाहेरच्या डोळ्यानं दाखवलं की या नियमांत तुझं काय चालतं आणि काय चालत नाही.

आता आपल्याकडे हे दाखवणं कसं चालतं? यात्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. आखाड्याभोवती हजार माणसं आणि हजारही वस्ताद. ‘पट काढ! टांग मार! सोड, सोड!’ लढणाऱ्याला त्यातलं काही ऐकू येत नाही. तालमीत आवाज एकच असतो, पण ओरडा तितकाच. धुळ्याला माझे वस्ताद मातीच्या कडेला बसून दर अर्ध्या मिनिटाला विचारायचे, “हात कथा शे तुना?” प्रेमळ माणूस. पण सहा महिन्यांनी असं झालं की ते हाक मारायचे तेव्हा हात वर जायचा, आणि ते तंबाखू मळायला वळले की खाली यायचा.

याला शास्त्र आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. हालचाल कशी शिकली जाते यावर काम करणाऱ्या रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये हे मांडलं होतं. प्रत्येक प्रयत्नाला सूचना दिली तर सराव चालू असताना सुधारणा झकास दिसते. सूचना बंद झाली की ती गळून पडते, कारण शिकणारा स्वतःच्या अंगाचं ऐकायचं सोडून सांगणाऱ्यावर विसंबलेला असतो. म्हणून माझ्या हॉलमध्ये फेरी चालू असताना मी बोलत नाही. पालकांना वाटतं, फी घेतो आणि नुसता उभा राहतो.

फेरी संपल्यावर एक मिनिट विश्रांती असते. त्या मिनिटात पहिला बोलतो तो जोडीदार, मी नाही. आणि त्यानं सल्ला द्यायचा नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. त्यानं फक्त स्वतःचं सांगायचं, की तुझ्याविरुद्ध मला काय लागू पडलं. “तू जॅब मारून हात छातीशी परत आणतोस, म्हणून माझा उजवा ठोसा तीनदा आत आला.” एवढंच, एकच गोष्ट. ‘छान खेळलास’ याचा उपयोग शून्य, ‘तुझा डिफेन्स कच्चा आहे’ याचाही शून्य. पण तीनदा आत आला, कुठून आला, हे कळलं की पोरगं पुढच्या फेरीत आपोआप तिथे बघतं. मग पुढची फेरी तेवढ्यापुरतीच खेळायची. जोडीदार फक्त उजवा ठोसा मारणार आणि हा फक्त जॅब परत हनुवटीशी आणणार.

पारोळ्याच्या बाजूचा एक पहिलवान माझ्याकडे आहे, तो पालथा होणारा. त्याला मी तोंडानं सांगून थकलो असतो, कारण त्याला वाटतच नव्हतं की तो पालथा होतो. स्टुलावर मोबाईल उभा केला, चार फेऱ्या चित्रित केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच मोजायला दिलं. अकरा वेळा. तो आकडा त्यानं स्वतः काढला होता, म्हणून वाद नव्हता. मग महिनाभर त्याच्या फेऱ्या पाठीवर पडूनच सुरू केल्या. पाठ जमिनीला लागलेली असताना शांतपणे श्वास घेणं हे त्याला ठोसे खाण्याहून अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात म्हणाला, “सर, घरी कळलं तर वडील बोलणं सोडतील.” वडीलही पहिलवान होते. चित्रफीत मी त्याच रात्री दाखवत नाही, हेही सांगतो. मार खाल्लेल्या रात्री माणूस स्वतःला फक्त शिव्या देतो, दुसऱ्या दिवशी मोजतो.

आता जोराबद्दल. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

2003 साली लंडनच्या काही संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. दोन माणसांनी आळीपाळीनं एकमेकांचं बोट दाबायचं, आणि प्रत्येकानं आपल्याला जेवढं दाबलं गेलं तेवढंच परत दाबायचं. दोघंही प्रामाणिक. तरी पाळीगणिक जोर वाढत गेला. कारण स्वतः लावलेला जोर मेंदूला कमीच जाणवतो. दोघांनाही मनापासून वाटत होतं की समोरचाच वाढवतोय. ज्यांची दोन मुलं घरात आहेत त्यांना या प्रयोगाची गरज नाही. स्पॅरिंगमध्ये नेमकं हेच होतं. हलक्या हातानं खेळू म्हणून सुरू झालेली फेरी दुसऱ्या मिनिटाला भांडण होते, आणि दोघं शपथेवर सांगतात की मी नव्हतो.

म्हणून आम्ही आणे लावले. सोळा आणे म्हणजे पूर्ण ताकद. डोक्यावर ठोसा चार आण्यांचा, अंगावर आठ आण्यांचा, कुस्ती बारा आण्यांची. नवीन पोरांना आणे माहीत नसतात, ते शिकवावे लागतात, ही वेगळी गंमत. आणि हिशोब मारणाऱ्यानं करायचा नाही, खाणाऱ्यानं करायचा. “दादा, हा सहा आण्यांचा होता.” त्यावर मारणाऱ्यानं एकच शब्द बोलायचा, “बरं.” वाद नाही, स्पष्टीकरण नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडे लहानानं मोठ्याला असं म्हणणं किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे. तालमीत मोठ्या पहिलवानाच्या पाया पडून आत जायचं असतं. त्याला ‘तुमचा हात जोरात लागला’ कोण म्हणणार? म्हणून आमच्याकडे वयानं किंवा अनुभवानं लहान असेल तो आधी बोलतो. चोपड्याच्या एका मुलीनं तीन आठवडे तोंडच उघडलं नाही. चौथ्या आठवड्यात मीच तिचा जोडीदार होतो. फेरी संपली आणि तिनं भिंतीकडे बघत सांगितलं, “सर, सात.” हॉल गप्प झाला. मी ‘बरं’ म्हणालो. त्या दिवसापासून बाकीच्यांच्याही जिभा सुटल्या.

हे सगळं एवढ्या काटेकोरपणे का करायचं, तर मेंदूसाठी. मोठ्या शहरातल्या एका जिममध्ये, नाव घेत नाही, मी एका मुलाला सलग दोन दिवस डोकं दुखत असताना रिंगमध्ये उतरवलेलं पाहिलंय. ‘मर्द आहेस ना?’ हा तिथला शेरा. मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध पडावं लागत नाही. डोकं जड होणं, मळमळ, उजेड सहन न होणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, एवढंही पुरेसं लक्षण असतं. त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय परत नाही. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो फार महागात पडू शकतो, विशेषतः कोवळ्या वयात. पालक विचारतात, हेल्मेट घालतात ना? घालतो. पण हेडगार्ड कापणं-फाटणं वाचवतं, आतला मेंदू हलायचा राहत नाही. जागतिक बॉक्सिंग संघटनेनं 2013 पासून वरिष्ठ पुरुष गटातून हेडगार्ड काढूनच टाकलं, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवाय लढले. खरं संरक्षण म्हणजे कमी आणे आणि कमी फेऱ्या.

पोरं म्हणतात, पण सर, जोरात खेळल्याशिवाय तयारी कशी होणार? त्यांना मी हवाईच्या मॅक्स हॉलोवेचं उदाहरण देतो. जानेवारी 2021 मध्ये कॅल्विन कॅटरशी तो लढला त्या तयारीत त्यानं स्पॅरिंग केलंच नव्हतं. त्या लढतीत त्याचे 445 नोंद घेण्याजोगे फटके लागले, तो यूएफसीचा विक्रम ठरला. अर्थात हॉलोवेनं त्याआधी आयुष्यभर फटके खाल्ले होते, हे पोरं लगेच मला ऐकवतात. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून मी स्पॅरिंग बंद केलेलं नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, तीनच फेऱ्या.

आणि त्या शनिवारसाठीच मी आज इथे थोडा स्वार्थानं उभा आहे. आपल्या बॅचमध्ये चार डॉक्टर आहेत, दोन जळगावात, एक धुळ्याला, एक अमळनेरला. मला महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी दोन तास एक डॉक्टर हवा आहे. प्रत्येक मुलाचा तोल, स्मरणशक्ती, नजर यांची तो ठणठणीत असतानाच नोंद करून ठेवायची, म्हणजे मार बसल्यावर ताडून बघता येईल. फॉर्म मी छापून ठेवलेत. फी देऊ शकत नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी नक्की. मघाशी जेवणाच्या रांगेत चौघांपैकी दोघांनी माझी नजर चुकवली, ते मी पाहिलंय. उरलेल्या दोघांसाठी मी त्या डाव्या बाजूच्या खांबाजवळ थांबतो.