घरच्या शाळेची शरीर-नोंदवही



घरीच शिकणाऱ्या मुलाची गणित-भाषेची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था घेऊ शकते. त्याच्या शरीराची दरवर्षी विचारपूस करणारा व्यायामशिक्षक मात्र त्याला नाही. ते कर्तव्य आई-वडिलांचेच.

त्यासाठी 2019 मध्ये ‘खेलो इंडिया’ने शालेय मुलांकरिता आणलेल्या चाचण्या उपयोगी आहेत. पाच ते आठ वर्षांच्या बालकाचे उंची-वजनाचे प्रमाण, एका पायावरील तोल व हाताची चपळाई पाहावी. नऊ वर्षांपुढे 50 मीटर धाव, 600 मीटर धाव, बसून पुढे वाकणे, जोर आणि उताणे पडून धड उचलणे. वजनकाटा, मोजपट्टी, घड्याळ आणि वही एवढे साहित्य पुरे.

पथ्य एकच: मैदान तेच, वेळ सकाळची तीच. नागपूरच्या वैशाखातील धाव जानेवारीच्या धावेशी ताडणे व्यर्थ होय. म्हणून जुलै व जानेवारीत नोंद करावी आणि ती गतवर्षीच्या त्याच महिन्याशी पडताळावी. शेजारच्या मुलाशी नव्हे. उंची वाढली पण दम घटला, हे मायेच्या डोळ्यांना दिसत नाही, वहीला दिसते. ते वेळीच दिसले, तर उपाय हाती असतो.